खडूच्या डोंगरावरची वहिवाट

सातूचं रान गुडघ्याच्या वर आलं होतं आणि त्याच्या बरोबर मधून, या बांधापासून त्या बांधापर्यंत, एक उघडी पट्टी गेली होती. दोन-सव्वादोन हात रुंद. आप्पा तिच्या तोंडाशी थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वाकून कडेचं एक कणीस तळहातावर घेतलं आणि न तोडताच सोडून दिलं.

"समदीकडं पेरलंय, मग एवढंच मोकळं कसं सोडलं?"

"आप्पा, ही वाट आहे. लोकांची."

"आणि रान?"

"रान शेतकऱ्याचं."

"रान त्याचं आणि वाट लोकांची," ते स्वतःशीच म्हणाले. पलीकडच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्यांनी एकही पाऊल सातूवर पडू दिलं नाही. मध्ये एका ठिकाणी थांबून त्यांनी पट्टीची रुंदी पावलांनी मोजली, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळलं.

आमच्या गावी ओढ्यापासून वरच्या मळ्यापर्यंत एक पाणंद होती. बैलगाडी जाईल एवढी, दोन्ही अंगांना करंजाची झाडं. माझ्या लहानपणी आजीच्या डोक्यावरच्या भाकरीच्या पाटीमागून मी तिथून चालत जायचे. मग एका वर्षी शेजारच्या शेतात नांगर फिरला तो पाणंदीत एक तास आत घेऊन. पुढच्या वर्षी दोन तासं. चौथ्या वर्षी तिथं ऊस उभा होता आणि पाणंद फक्त नकाशावर उरली होती. आप्पांनी मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली अर्ज केला. पंचनामा झाला, स्थगिती आली, अपील झालं. वकिलांनी सांगितलं की 1882च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे 20 वर्षांची उघड, अखंड वहिवाट दाखवावी लागेल. दाखवली. गावातली चार म्हातारी माणसं साक्षीला आली; त्यातली दोन आता नाहीत. प्रकरण अजून चालू आहे.

म्हणून आप्पा दोन महिन्यांसाठी माझ्याकडे स्विंडनला आले तेव्हा त्यांना काय दाखवावं याचा मी बराच विचार केला होता. लंडनचा पूल, राजवाडा, संग्रहालय सगळं झालं. त्यांनी सगळं नीट बघितलं, "चांगलं हाय" म्हणाले आणि संध्याकाळी बाल्कनीत बसून गावाकडे पाऊस पडला का ते विचारत राहिले. स्टोनहेंजला नेलं. तिथं बहुतेक लोकांना असतं तसं आम्हालाही दोरीच्या बाहेरून बघत गोल फिरून यावं लागलं. मग एका रविवारी मी त्यांना ॲशबरीला आणलं. ऑक्सफर्डशरच्या पश्चिम टोकाचं हे लहानसं गाव आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत आहे. इथून शेतांमधून चढून गेलं की डोंगराच्या माथ्यावर रिजवे नावाचा जुना रस्ता लागतो. मी या देशात आल्यापासून जी एक जागा मला माझी वाटली, ती ही.

फाटकाच्या खांबावर पिवळा बाण होता. पिवळा म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोड्यावरून आणि सायकलनंही जाता येईल अशी वाट. आप्पांना मी कायदा सांगितला, कारण त्यांना तोच ऐकायचा होता. शेताच्या मधून गेलेली पायवाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पीक घेताना पहिल्यांदा जमीन हलवली की 14 दिवसांत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि त्याच पिकासाठी पुढं परत मशागत केली तर 24 तासांत. रुंदी कमीत कमी 1 मीटर. शेताच्या कडेनं जाणारी वाट असेल तर तिला नांगर लावताच येत नाही. आणि एखाद्या वाटेनं लोक 20 वर्षं कुणाला न विचारता, न लपता, अडथळ्याविना चालत आले असतील, तर ती वाट लोकांना दिलेली आहे असंच 1980चा रस्त्यांचा कायदा धरून चालतो.

"किती म्हणालीस?"

"20 वर्षं."

"आपल्यासारखीच की." एवढं बोलून ते पुढे चालू लागले. त्या चढावर त्यांना दम लागला होता, तरी त्यांचा चेहरा मला अनेक दिवसांनी मोकळा दिसला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे 2,25,000 किलोमीटर भरतात. त्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे इथल्या सरकारी मोजणी खात्याच्या, नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी काढलेल्या असतात. माझ्याकडे या भागाचा 1:25,000 प्रमाणाचा नकाशा आहे. 1 किलोमीटर म्हणजे कागदावर 4 सेंटिमीटर. शेताचं एकेक कुंपण त्यात दिसतं. 1791मध्ये फ्रेंच चाल करून येतील या भीतीपोटी लष्करानं हे मोजणीचं काम सुरू केलं. आज त्याच नकाशाच्या घड्या पडलेल्या कोपऱ्यावर मी डबा ठेवून पोळी-भाजी खाते.

पण हे सगळं इथल्या लोकांना आपसूक मिळालं असं आप्पांना वाटू नये, म्हणून मी पुढचंही सांगितलं. इथंही गायरानं होती. 1604 ते 1914 या काळात संसदेनं 5,200हून अधिक कायदे करून ती कुंपणात घातली. इंग्लंडच्या एकूण जमिनीपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त जमीन त्यात गेली. ज्यांची गाय त्या गायरानावर चरत होती, ते मजूर झाले. पुढे उत्तरेकडचे उघडे माळ श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखले गेले आणि मँचेस्टर, शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी जरा मोकळ्या हवेत चालायलाही जागा उरली नाही. 24 एप्रिल 1932 या दिवशी काही शे तरुण किंडर स्काउट नावाच्या पठारावर ठरवून घुसले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन, वय वर्षं 20. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यानंतर 1949चा कायदा आला, त्यात प्रत्येक गावच्या वाटा नकाशावर कायमच्या नोंदवायचं ठरलं. डोंगर, माळ आणि पडीक रानावर वाट सोडूनही हिंडायचा हक्क मिळायला मात्र 2000 साल उजाडलं, आणि तोही इंग्लंडच्या जेमतेम 8 टक्के जमिनीवर आहे. मला हे अपुरं वाटतं. नद्यांच्या काठांवर, जंगलांच्या तोंडाशी "खासगी" अशा पाट्या मी इथं पुष्कळ बघितल्या आहेत.

आप्पा सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे हितंबी कुणीतरी आत गेलंय तवाच वाट ऱ्हायलीय."

माथ्यावर आलो आणि रिजवे लागला. दोन्ही बाजूंना बुटक्या झाडांची कुंपणं आणि मध्ये गाडीवाटेएवढा रुंद, पांढराफेक रस्ता. ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत 139 किलोमीटरची ही आज राष्ट्रीय पदयात्रेची वाट आहे; खांबांवर तिची खूण म्हणून ओकचं फळ कोरलेलं असतं. माणसं या कण्यावरून निदान 5,000 वर्षं तरी चालत आली आहेत असं मानतात. कारण साधं आहे. खाली दरीत चिखल, दलदल आणि दाट झाडी होती. वर खडूचा दगड, पाणी पडलं की मुरून जातं, वाट कोरडी राहते आणि लांबवर कोण येतंय ते दिसतं. मेंढपाळ, गुरं हाकणारे, व्यापारी, फौजा सगळे इथून गेले. कुंपणं घातली जाईपर्यंत ती ठरावीक रुंदीची नव्हतीच. एका चाकोरीत चिखल झाला की लोक शेजारून जात, असा तो एक रुंद पट्टा होता. 18व्या शतकात जमिनींची वाटणी झाली तेव्हा तिच्या कडा बांधल्या गेल्या.

खडू म्हणजे तोच, शाळेतला. समुद्रातल्या अतिसूक्ष्म जिवांच्या कवचांचा कोट्यवधी वर्षांपूर्वी तळाशी बसलेला थर. त्यात मधूनमधून काळ्या गारगोट्या असतात, फोडल्या तर काचेसारखी धार येते. आप्पांनी एक उचलली, नखानं पारखली आणि दुसऱ्या हातात खडूचा तुकडा घेतला. "काळी आणि पांढरी एकाच जागी," ते म्हणाले. आमच्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी; जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटवल्या, भिंती पडल्या, तिथली माती पांढरी होते. जुन्या गावाचं टेकाड ओळखायची खूणच ती. या डोंगराची पांढरी माणसानं केलेली नाही, हे मला माहीत होतं. तरी आप्पांनी ज्या पद्धतीनं त्या वाटेकडे बघितलं, त्यानंतर मला ती वस्तीच वाटत आली आहे.

पुढे एका बाजूला बीचच्या उंच झाडांचं बेट दिसतं. आत शिरलं की आवाज एकदम खाली बसतो. तिथं वेलंड्स स्मिदी आहे, वेलंड लोहाराचं दुकान. खरं तर ती थडग्याची लांबट टेकडी, 56 मीटर लांब, आणि तोंडाशी माणसाहून उंच शिळा उभ्या. 1962-63मध्ये इथं उत्खनन झालं तेव्हा या टेकडीच्या पोटात आणखी एक जुनी, लाकडाची आणि दगडांची समाधी सापडली. तीत 14 माणसांचे सांगाडे होते: 11 पुरुष, 2 बायका आणि एक मूल. काहींजवळ गारेच्या बाणांची टोकं मिळाली, म्हणजे ती बहुधा लढाईत गेली असावीत. ही आतली समाधी इसवी सनापूर्वी 3600च्या सुमाराची. शंभरेक वर्षांनी तिच्यावर दगडांची मोठी समाधी रचली गेली.

पुढे कित्येक शतकांनी सॅक्सन लोक आले. एवढे धोंडे कुणी उभे केले हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी आपल्या देव-लोहाराचं नाव या जागेला दिलं; इसवी सन 955च्या एका सनदेत ते नाव लिहिलेलं आहे. गोष्ट अशी की, वाटेत घोड्याची नाल पडली तर घोडा इथं बांधायचा, दगडावर एक नाणं ठेवायचं आणि निघून जायचं. परत यावं तर नाणं नाही आणि घोड्याला नाल ठोकलेली. लोहार कुणाला दिसत नाही.

आप्पांना ही गोष्ट फार आवडली. ते एका शिळेला टेकून बसले आणि आमच्या गावच्या लोहाराबद्दल बोलत राहिले. पेरणीच्या आधी रात्र रात्र भाता चालायचा, पैसे कधीच नाही, सुगीत खळ्यावरून बलुतं. तो गेला, त्याची मुलं पुण्याला गेली. शिळांच्या फटींत कुणी कुणी खोचलेली नाणी दिसत होती. आप्पांनी खिशात हात घातला, मग काढून घेतला. "आपल्याकडं घोडा कुठाय," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून त्या शिळेवर ठेवला. दगड उन्हानं कोमट झाला होता. स्टोनहेंजला जे करता आलं नव्हतं, ते असं इथं झालं.

तिथून दोनेक किलोमीटरवर व्हाइट हॉर्स हिल, पांढऱ्या घोड्याचा डोंगर; त्याच्या उतारावर खडूनं काढलेला एक प्रचंड घोडा आहे. माथ्यावर अफिंग्टन कॅसल आहे. गडावर जायचं म्हणून आप्पा दरवाजा शोधत होते. बुरूज नाही, चिरा नाही. गवतानं झाकलेला मातीचा गोल तट, बाहेरून खंदक आणि आत मेंढ्या चरताहेत. लोहयुगातला हा किल्ला. तटावरून चालत आम्ही उत्तरेच्या अंगाला गेलो आणि डोंगर एकदम खाली सुटला. समोर पसरलेली दरी, चौकोनी शेतं, रेल्वेची रेघ. खाली ड्रॅगन हिल नावाची सपाट डोक्याची टेकडी. तिच्या माथ्यावरचा एक तुकडा उघडा आहे, संत जॉर्जनं ड्रॅगन मारला तेव्हा त्याचं रक्त जिथं सांडलं तिथं गवत उगवत नाही म्हणतात. वर चंडोल गात होता. तो आप्पांनी माझ्याआधी ओळखला.

"घोडा कुठाय?"

"आपण त्याच्याजवळच उभे आहोत."

पायाशी गवतात पांढऱ्या मातीचा एक वळणदार पट्टा होता. तो पुढे जाऊन वळला, तुटला, दुसरा सुरू झाला. या डोंगरावर उभं राहून अख्खा घोडा दिसत नाही. एक पाय दिसतो, मानेचा बाक दिसतो, डोळ्याचा गोल दिसतो. सुमारे 110 मीटर लांबीचं हे चित्र नीट बघायचं तर दरीपार जावं लागतं किंवा आभाळात. मी फोनवर वरून काढलेला फोटो दाखवला. पाच-सात रेघा, चोचीसारखं तोंड, उधळलेलं अंग. आप्पा बराच वेळ फोटो आणि जमीन आळीपाळीनं बघत होते.

हा घोडा कधीचा यावर खूप वर्षं वाद होता. कुणी म्हणे 9व्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या विजयाची खूण, कुणी सॅक्सन सरदारांचं निशाण. 1990च्या दशकात त्याच्या पोटातली माती तपासली गेली. मातीतल्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं हे मोजण्याची एक पद्धत आहे. तीवरून निघालं की घोडा इसवी सनापूर्वी 1380 ते 550 या दरम्यानचा. म्हणजे निदान अडीच हजार वर्षांचा, कदाचित तीन हजारांहून जुना. तो नुसता गवत खरवडून काढलेला नाही; खोल चर खणून त्यात कुटलेला खडू भरला आहे.

आता मला या जागेतलं जे सगळ्यांत मोठं वाटतं ते. शिळा एकदा उभी केली की उभी राहते. घोडा राहत नाही. पावसानं खडू वाहतो, कडेचं गवत आत सरकतं, काही वर्षं कुणी हात लावला नाही तर रेघा बुजत जातात आणि पुढे डोंगर पुन्हा हिरवा. म्हणजे हा घोडा आज दिसतोय याचा अर्थ शंभरावर पिढ्यांत कुणीही तो फार काळ तसाच सोडला नाही. रोमन आले आणि गेले, सॅक्सन आले, नॉर्मन आले. देव बदलले, भाषा बदलली, तो कुणी आणि कशासाठी काढला हे विसरलं गेलं. तरी खालच्या गावांतली माणसं वर येऊन गवत काढत राहिली. 18व्या-19व्या शतकात या कामाला जत्राच भरे, कुस्त्या होत, उतारावरून चीज घरंगळत सोडत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून घोडा झाकून टाकला होता. युद्ध संपल्यावर पुन्हा उघडा केला. आता दर उन्हाळ्यात नॅशनल ट्रस्ट ही जुन्या जागा जपणारी संस्था हे काम करून घेते आणि स्वयंसेवक म्हणून कुणालाही नाव देता येतं. मी आमची दोघांची नावं दिली होती.

तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. आधीच्या रात्री पाऊस झाला होता. प्रत्येकाला एक हातोडी, एक बादली खडू आणि गुडघ्याखाली घ्यायला रबराचा तुकडा मिळाला. आम्हाला मागच्या पायाचा भाग आला. काम असं: आधी उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, मग नारळाएवढे खडूचे गोळे टाकायचे आणि ते कुटून कुटून पीठ करून खालच्या थरात बसवायचे. बाकीचे लोक हातोडी वरून आणत होते. आप्पांनी दोन-तीन घाव तसे घातले, मग पद्धत बदलली. कडेकडेनं हलकेच ठोकत ते आत आले, गोळा आपोआप उकलला. पाण्याच्या बाटलीतून थोडं पाणी शिंपडलं आणि तळहातानं तो ओला खडू दाबत, अर्धगोल ओढत पसरला. ओल्या चुन्यासारखा वास आला. पंज्याच्या त्या कमानी मला पाठ होत्या. आमच्या घरात फरशी येण्याआधी दर आठवड्याला आई ओसरी अशीच सारवायची आणि दारात उभ्या असलेल्या आम्हाला वाळेपर्यंत आत पाय टाकू द्यायची नाही.

शेजारी एक इंग्रज आजी काम करत होत्या, पांढरी हॅट, हातमोजे. दरवर्षी येतात म्हणाल्या. त्यांनी आप्पांचं काम जरा वेळ बघितलं, हातमोजे काढून ठेवले आणि आपल्यासमोरच्या खडूवर तळहात टेकवला. आप्पांनी मान हलवून दाखवलं: असं नाही, असं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. दुपारपर्यंत त्यांनी मिळून दोन वाव लांबीचा पट्टा लख्ख केला.

निघताना आप्पांच्या हातांच्या भेगांत खडू बसला होता. गाडीत बसल्यावर ते हात मांडीवर उताणे ठेवून बघत राहिले. मी पाणी देऊ का विचारलं. "असू दे," म्हणाले.

सप्टेंबरमध्ये ते परत गेले. पाणंदीची पुढची तारीख दिवाळीनंतरची लागली होती. मध्यंतरी भावाकडून कळलं की आप्पा रोज सकाळी ओढ्यापासून पाणंदीनं वर चालत जातात, ऊस लागतो तिथपर्यंत, आणि परत येतात. जाताना विळा नेतात, दोन्ही बाजूंचं घाणेरीचं झुडूप तोडून बाजूला रचतात. त्या तोंडापासून पुढे जायला जागा नाही, मग एवढ्या लांब कशाला जायचं, असं भाऊ त्यांना विचारतो.

परवा मी फोन केला तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते. ते चालत होते. चपलेखाली पाचट वाजत होतं, लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती. मी विचारलं, "आप्पा, कुठपर्यंत आलात?"

"करंजापाशी," ते म्हणाले. "आज एक झुडूप ऱ्हायलंय, तेवढं काढून येतो."